बिल्ड लावून चहाला जाताय? आधी या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे, चार पोरं कामाला, आणि "दादा बिल्ड लावलाय, चहा मारून येतो" हे मी इतक्यांदा ऐकलंय की खालच्या टपरीवाल्याला पण आता बिल्ड म्हणजे काय ते कळायला लागलंय (लिहिलेल्या कोडपासून चालवायच्या तयार फायली बनवणं, त्यात वेळ जातो). प्रत्येक नवीन पोरगा त्याच चुका करतो म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे नोड मॉड्यूल्स, प्रोजेक्टनं बाहेरून घेतलेली तयार पॅकेजं ज्यात असतात ते फोल्डर, उडवणं. कुठलाही एरर आला की फोल्डर डिलीट, सोबत लॉक फाइल (कोणत्या पॅकेजचं कोणतं व्हर्जन याची नोंद) पण डिलीट, परत एनपीएम इन्स्टॉल, म्हणजे सगळी पॅकेजं नव्यानं उतरवणं. मागच्या वर्षी एका हळद व्यापाऱ्याचं बिलिंगचं काम चालू होतं, तेव्हा एक पोरगा रोज कुरकुरायचा, माझ्याच मशीनवर चार मिनिटं लागतात, बाकीच्यांचा मिनिटाच्या आत होतो, रॅम वाढवून द्या. मशीन तर सगळ्यांची सारखीच. शेवटी एका सकाळी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो, म्हटलं तू रोज करतोस तसंच कर, मी काही बोलत नाही. गड्यानं टर्मिनल उघडलं, वरचा बाण दाबला आणि पहिली कमांड काय मारली, तर नोड मॉड्यूल्स डिलीट! "फ्रेश सुरुवात होते दादा."

अरे लेका! आमचं बिल्ड करतं ते टूल म्हणजे वेबपॅक. वेबपॅक ५ आलं २०२० ला, तेव्हापासून सेटिंगमध्ये कॅशचा टाइप फाइलसिस्टम केला की कॅश, म्हणजे आधीच्या बिल्डचं साठवलेलं काम, डिस्कवर राहतो, आणि डिफॉल्टनं तो राहतो कुठं, तर नोड मॉड्यूल्सच्याच पोटात, डॉट कॅश फोल्डरमध्ये. म्हणजे हा रोज सकाळी कालचं सगळं केलेलं काम कचऱ्यात टाकायचा आणि मग मशीनला शिव्या द्यायचा. सर्व्हरवर एनपीएम सीआय (लॉक फाइलप्रमाणे कोरं इन्स्टॉल) चालवता तेव्हाही हेच होतं, ती कमांड आधी नोड मॉड्यूल्स साफ करते, त्यामुळे तिथं कॅश बाहेर वेगळ्या जागी ठेवा. मी काय करतो, आधी एरर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो (हे कुणालाच नको असतं), फारच शंका आली तर फक्त डॉट कॅश उडवतो. लॉक फाइलला हात लावत नाही, ती उडवली की पॅकेजची व्हर्जनं बदलतात आणि मग नवीनच भूत मागं लागतं.

दुसरी चूक मी स्वतः केलीय. विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकलं, प्रोजेक्ट मात्र सी ड्राइव्हवरच ठेवला. दोन दिवस प्लगिनं बदलत बसलो, फरक शून्य. लिनक्समधून विंडोजची प्रत्येक फाइल वाचायला मधली वेस ओलांडावी लागते, आणि नोड मॉड्यूल्समध्ये बारीक बारीक फायली हजारांनी. मिरजेत राहून चमचा चमचा साखरेसाठी सांगलीला येण्यासारखं आहे ते. वर फाइल सेव्ह केली तरी ब्राउझर आपोआप रिफ्रेश होत नाही. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये नव्यानं क्लोन करा, एवढंच.

बाकीच्या पटापट. बॅबेल लोडर नवीन जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरला चालेल अशी बदलतो, त्यातून नोड मॉड्यूल्स वगळा. टेलविंड ३ वापरत असाल (सीएसएसचं टूल), तर त्याच्या कंटेंट सेटिंगमध्ये अख्ख्या प्रोजेक्टला दोन स्टार (म्हणजे आतले सगळे फोल्डर) मारून ठेवू नका, तो नोड मॉड्यूल्स पण चाळत बसतो. टाइपस्क्रिप्टमध्ये स्किप लिब चेक चालू करा, म्हणजे ते पॅकेजांच्या टाइपच्या फायली तपासत बसत नाही. डॉकरफाइलमध्ये (अ‍ॅपचा डबा कसा बांधायचा ती पायऱ्यांची यादी) आधी पॅकेज आणि लॉक फाइल कॉपी, मग इन्स्टॉल, मग कोड. उलटं केलं की बटणावरचा एक शब्द बदलला तरी अख्खं इन्स्टॉल परत.

आणि हो, "दादा सगळं वीटवर नेऊया का" असं दर महिन्याला कोणतरी विचारतंच. वीट म्हणजे वेबपॅकसारखंच दुसरं बिल्ड टूल. (स्पेलिंग बघून व्हाइट म्हणतात पोरं, उच्चार वीट आहे, फ्रेंचमध्ये झटपट.) चांगलं टूल आहे, नवीन काम मी त्यातच सुरू करतो. पण त्याची खरी पळापळ डेव्हलपमेंट सर्व्हरला दिसते, कारण तिथं ते आपला कोड आधी बंडल (सगळ्या फायली एकत्र बांधणं) करतच नाही. प्रॉडक्शन बिल्डला बंडल करावंच लागतं. आणि तुम्ही रोज नोड मॉड्यूल्स उडवणार असाल तर त्याचा कॅश पण तिथंच असतो, डॉट वीट फोल्डरमध्ये. हळदवाल्याचा प्रोजेक्ट अजून वेबपॅकवरच आहे, त्या पोराच्या मशीनवर आता पन्नास सेकंदांत बिल्ड होतो, रॅम तेवढीच आहे.