रेषेचा चढ काढताना या चुका टाळा

चढ = (य२ − य१) ÷ (क्ष२ − क्ष१). दहावीच्या निर्देशक भूमितीतलं हे सूत्र बहुतेकांना पाठ असतं. तरीही उत्तर चुकतं, आणि ते बहुधा किंमती भरताना.

अ(−३, ४) आणि ब(२, −६) हे बिंदू घ्या. बरोबर मांडणी अशी:

(−६ − ४) ÷ (२ − (−३)) = −१० ÷ ५ = −२

वर अ मधून ब वजा केला आणि खाली ब मधून अ, तर उत्तर +२ येतं. सुरुवात कोणत्याही बिंदूपासून करा, पण अंश आणि छेद यांत क्रम एकच ठेवा. ऋण निर्देशकाला कंस घातला नाही की छेदात २ − ३ लिहिलं जातं आणि चढ १० निघतो. य मधला फरक छेदात आणि क्ष मधला अंशात लिहिला तर −१/२ येतं. तिन्ही चुका कच्च्या आकृतीत लगेच पकडता येतात: डावीकडून उजवीकडे जाताना रेषा उतरते, म्हणजे चढ ऋणच हवा; आणि ५ एकक उजवीकडे सरकताना ती १० एकक खाली येते, म्हणजे तो −२ च हवा. आकृतीला अर्धा मिनिट लागतो, तो द्याच.

(४, १) आणि (४, ७) यांसाठी ६ ÷ ० येतं. इथे ‘चढ ०’ लिहू नका. उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही. शून्य चढ आडव्या रेषेचा.

३क्ष + २य = १२ या रेषेचा चढ ३ नव्हे. आधी य एकटा करा: य = −(३/२)क्ष + ६. चढ −३/२.

तीन बिंदू एकरेषीय दाखवताना अब आणि बक यांचे चढ समान काढून थांबू नका. समान चढ समांतर रेषांचेही असतात. ‘ब हा सामाईक बिंदू आहे’ हे वाक्य लिहिलं तरच सिद्धता पुरी होते.

प्रयोगवहीतल्या आलेखात वेगळ्याच चुका होतात. ओहमच्या नियमाचा आलेख (विभवांतर उभ्या अक्षावर, विद्युतधारा आडव्या; चढ म्हणजे रोध) काढून कोनमापकाने कोन मोजायचा आणि त्याचा टॅन घ्यायचा, ही पद्धत चूक आहे. दोन्ही अक्षांवरचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे प्रमाण बदललं की कोन बदलतो, रोध मात्र तोच राहतो. चौकोन मोजूनही भागू नका, अक्षांवरच्या किंमती वाचा. बिंदू काढलेल्या रेषेवरचे, एकमेकांपासून लांबचे निवडा. जवळचे घेतले तर वाचनातली छोटी चूकही उत्तरात मोठी होते. निरीक्षण-तक्त्यातला बिंदू रेषेवर नसेल तर तो चढासाठी घेऊ नका.

समजा (५० मिलिअँपिअर, ०.५ व्होल्ट) आणि (२५० मिलिअँपिअर, २.५ व्होल्ट) हे बिंदू मिळाले. २.० ÷ २०० = ०.०१, पण हे व्होल्ट प्रति मिलिअँपिअर आहे. मिलिअँपिअरचे अँपिअर करा: २.० ÷ ०.२ = १० ओहम. विद्युतधारा उभ्या अक्षावर घेतली असेल, तर चढाचा व्यस्त म्हणजे रोध.