रंगीत पट्टी काढ, मग बोलू

दिवाळीत भाच्याचा व्हिडिओ आला. त्याने मांडव्याला साडेसहा मीटरची फायबरची बोट घेतली आहे, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन. बोटीच्या दोन्ही कडांना रंग बदलणारी एलईडी पट्टी, नाकावर जीपला लावतात तसा पांढरा फ्लडलाइट. "मामा, कशी दिसतेय?" मी लिहिलं, "नवरात्रातल्या मांडवीसारखी." त्याला ती शाबासकी वाटली. मग मी फोन केला आणि म्हटलं, आधी ती पट्टी काढ, मग बोलू. बडोद्याच्या मांडवीत राहणाऱ्याने मांडव्याच्या बोटीला शिकवू नये, असं तो म्हणाला. पण सत्तावीस वर्षं मी जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, आता दांडिया बाजारात बसून लोकांचे इन्व्हर्टर बघतो, म्हणून काय झालं?

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

बोटीवरचा दिवा रस्ता दिसावा म्हणून नसतो. आपली बोट कुठे तोंड करून आहे आणि चालू आहे की नांगरावर, हे दुसऱ्याला कळावं म्हणून तो असतो. १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम (१५ जुलै १९७७ पासून लागू, जहाजावर सगळे त्यांना कोलरेग म्हणतात) सांगतात की सूर्यास्त ते सूर्योदय हे दिवे लागलेच पाहिजेत, धुकं असेल तर दिवसाही. आणि त्या वेळात असा दुसरा कुठलाही दिवा नको की जो यांच्यासारखा भासेल, यांना झाकेल किंवा तुमच्याच डोळ्यांना आंधळं करेल. जास्तीच्या दिव्यांबद्दलचा सगळा विचार या एका वाक्यात आहे.

कोन लक्षात राहत नाहीत, म्हणून पोळी घ्या. तिचे आठ सारखे तुकडे करा, एकेक पंचेचाळीस अंशांचा. बोटीच्या नाकापासून उजवीकडे अडीच तुकडे हिरवा, डावीकडे अडीच तुकडे लाल, मागे उरलेले तीन पांढरा. म्हणजे ११२.५, ११२.५ आणि १३५. डोलकाठीवरचा पुढचा पांढरा दिवा लाल-हिरव्याच्या मिळून पाच तुकड्यांवर, २२५ अंश. आता समोरच्याच्या जागी बसून बघा. उजवीकडून आडवी येणारी बोट तुम्हाला तिची डावी कूस दाखवते, म्हणजे लाल. लाल दिसला की वाट तुम्ही द्यायची. डावीकडून येणारीचा हिरवा दिसतो, तेव्हा ती वाट देणार, तुम्ही दिशा आणि वेग तसेच ठेवा, नजर मात्र तिच्यावरून हलवू नका. लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती तोंडावर आली आहे, दोघांनीही उजवीकडे वळायचं. हे इंजिनवर चालणाऱ्या दोन बोटींचं झालं. पट्टीवर रंग धावत असतील, तर समोरच्याने यातलं काय वाचायचं?

बारा मीटरच्या आतल्या इंजिनच्या बोटीला सवलत आहे. पुढचा-मागचा असे दोन पांढरे न लावता चहूकडून दिसणारा एकच पांढरा आणि लाल-हिरवे कुशीचे दिवे चालतात. पांढरा कुशीच्या दिव्यांपेक्षा किमान एक मीटर उंच हवा. तो दोन सागरी मैलांवरून दिसावा, कुशीचे एका मैलावरून. सात मीटरच्या आतली बोट, तीही सात नॉटपेक्षा (ताशी सात सागरी मैलांपेक्षा) जास्त पळू न शकणारी, फक्त पांढऱ्यावर भागवू शकते, पण जमत असेल तर कुशीचे लावावेतच. भाच्याने पहिला अर्धा नियम वाचला आणि खूश झाला. अरे, चाळीस हॉर्सपॉवरवर तुझी बोट सात नॉटला थांबते का?

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, तो आला तेव्हा पिशवीत दोन नवे दिवे, बॅटरी आणि बोटीच्या नाकाचा पुठ्ठ्याचा साचा होता. रात्री आकाशात तुक्कल, म्हणजे कंदिलाचे पतंग, चढलेले असताना आम्ही अगाशीवर (गच्चीवर) स्टूल मांडलं, त्यावर साचा ठेवला आणि त्याने खुणा केल्या होत्या तिथेच दिवे स्क्रूने बसवले. तो स्टुलाशी, मी पाण्याच्या टाकीशी. मी उजवीकडून हळूहळू समोर येत गेलो. हिरवा, हिरवा, आणि नाकासमोर यायच्या बऱ्याच आधी हिरव्याबरोबर लालही दिसू लागला. समोरून पुढे डावीकडे गेलो तरी हिरवा मावळेना. नाकाला गोलाई असते, तिला चिकटवून स्क्रू मारले की दोन्ही दिवे पुढे, एकमेकांच्या बाजूला तोंड फिरवतात. बाजूने येणाऱ्या बोटीलाही तुम्ही तोंडावर आलात असं वाटतं. उपाय साधा आहे: दिव्यामागे नायलॉनची किंवा सागवानाची पाचर घाला, म्हणजे दिव्याची पाठ बोटीच्या मधल्या रेषेला समांतर येते. नाहीतर नाकावर बसणारा जोडदिवा घ्या, लाल-हिरवा एकाच डबीत. वीस मीटरच्या आतल्या बोटीला तो चालतो. ही परीक्षा बोट पाण्यात घालण्याआधी अंगणात कुणालाही करता येते.

जुन्या दिव्यात पांढरा एलईडी बल्ब कोंबू नका. ती रंगीत काच पिवळसर बल्बसाठी केलेली असते. पांढऱ्या एलईडीवर हिरवा निळसर होतो आणि लाल मरतो. अख्खा एलईडी दिवाच बदला. जुने दहा वॅटचे तीन बल्ब बारा व्होल्टवर अडीच अँपिअर खातात, म्हणजे दहा तासांत पंचवीस अँपिअर-अवर. दोन वॅटचे तीन एलईडी पाचात भागवतात. स्वस्त एलईडीची एक खोड मात्र तपासा. बोटीचा व्हीएचएफ रेडिओ चॅनेल १६ वर ठेवा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) खरखर नुकती थांबेल इतपत आणा आणि दिवा लावा. खरखर परत सुरू झाली तर तो दिवा परत करा.

वायर कलई केलेल्या तांब्याची घ्या, प्रत्येक सर्किटला वेगळा फ्यूज द्या. जोडावर आतून डिंक असलेली हीट-श्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी घाला आणि दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली एक झोका द्या, म्हणजे पाणी तिथून टपकतं, आत जात नाही. मग दिवा लावून मीटर धरा. बॅटरीवर १२.६ व्होल्ट असतील तर दिव्यापाशी १२.२ च्या खाली नको. स्विच दोन ठेवा, कुशीचे एकावर, पांढरा दुसऱ्यावर. नांगर टाकला की कुशीचे बंद, पांढरा चालू. नांगरावर लाल-हिरवे लावून झोपणारे मी फार पाहिलेत. ते जगाला सांगत असतात की आम्ही चाललो आहोत.

आता जास्तीचे दिवे. नर्मदा परिक्रमेत विमलेश्वरहून मिठी तलाईला जाताना आमची नाव भरतीच्या वेळेप्रमाणे पहाटेच्या अंधारात निघाली. एका काकूंनी चप्पल शोधायला मोबाइलची बॅटरी लावली आणि नावाडी मागून ओरडला, "बत्ती बंध करो!" काकूंना राग आला, पण तो बरोबर होता. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एका झगझगाटात ती मिळकत जाते. म्हणून पाय ठेवायच्या जागेचे दिवे गुडघ्याच्या खाली, तोंड खाली, मंद आणि वर झाकण असलेले लावा. पांढऱ्या दिव्याचा खांब सुकाणूवाल्याच्या मागे उभा करा आणि दिव्याखाली काळ्या रंगाची थाळीएवढी चकती बसवा, नाहीतर तोच प्रकाश पांढऱ्या फायबरवर पडून डोळ्यांत येतो. डोक्याला बांधायच्या बॅटरीचा लाल प्रकाश चांगला, पण बाहेर मान वळवलीत की दुसऱ्याला ती तुमची डावी कूस वाटू शकते. शिवाय लाल उजेडात नकाशावरच्या जांभळट-गुलाबी खुणा दिसेनाशा होतात.

फ्लडलाइट धक्क्याला लागताना किंवा जाळं सोडवताना, थांबलेले असताना लावा. चालताना तो हवेतल्या तुषारांवर पांढरी भिंत उभी करतो. लक्ष वेधायचं असेल तर टॉर्च स्वतःच्या बोटीवर मारा, समोरच्याच्या डोळ्यांत नाही. लुकलुकणारे स्ट्रोब त्यासाठी वापरू नयेत, असं नियमच सांगतात. हाताशी पाण्यात तरंगणारी एक टॉर्च ठेवा, तिचे जादा सेल वेगळ्या पिशवीत.

पट्टी त्याने काढली. आता ती आमच्या अगाशीच्या कठड्याला आहे, आणि समोरचे पटेलकाका विचारतात, किती रुपये मीटर?