सॅटर्न ५ रॉकेटच्या कागदी मॉडेलची नळी जोडावर चपटी होत होती, ती अशी सरळ केली

१:२०० स्केलला खरं ११०.६ मीटरचं सॅटर्न ५ साधारण ५५ सेंमी होतं आणि पहिल्या टप्प्याची नळी ५ सेंमी व्यासाची, एवढ्या मोठ्या नळीवर जोड जरा जरी चपटा राहिला ना तरी लगेच डोळ्यात भरतो. माझी नळी तिथे टोकदारच व्हायची, गोल काही येईना. कारण निघालं कागदाचे तंतू, ते आडवे जात होते. शीट न मोडता दोन्ही बाजूंनी हलकी वाकवून बघा, जिकडे सहज वाकते तिकडेच गुंडाळायची, म्हणजे तंतू नळीच्या लांबीला समांतर येतात. मग कागद माऊसपॅडवर ठेवून वरून गोल पेन्सिल दाबून फिरवली, अगदी कडेपर्यंत, कारण कडाच सरळ राहतात. एकावर एक चढणारी पट्टी कापून टाकली, कडेला कड भिडवून आतून पातळ पट्टी चिकटवली. गम टूथपिकने अगदी कमी, पाणी जास्त झालं की कागद फुगतो. आत १ मिमी कार्डाच्या गोल चकत्या घातल्या, त्या सँडपेपरने घासून बसवायच्या, घट्ट झाल्या तर बाहेरून वळ दिसतो. आता जोड शोधावा लागतो, इतकं मस्त झालंय!