मोबाइलच्या रेडिओ लहरी आपल्यापर्यंत किती पोहोचतात, हे कसे मोजावे

‘रेडिएशन मीटर’ चालू फोनला टेकवला, लाल दिवा लागला आणि आकडा झरझर वर गेला, की बहुतेकांची खात्रीच पटते: आपण काहीतरी भयंकर कानाला लावून बसतो. पण डोक्यात नेमकी किती ऊर्जा मुरली, हे त्या आकड्यावरून कळतच नाही. असे मीटर अँटेनापासून दूर गेलेली, नीट तयार झालेली लहर मोजण्यासाठी जुळवलेले असतात. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. अँटेनापासून चार-पाच सेंटिमीटरच्या आत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे परस्परांशी ठरलेले नाते जुळलेलेच नसते. शिवाय एवढ्या जवळ आणलेला मीटर अँटेनाच्या वागण्यातही ढवळाढवळ करतो.

म्हणून मोजमापाचे दोन वेगळे रस्ते आहेत. अंगाला लागून असलेल्या स्वतःच्या फोनचा एक, आणि टॉवर, वायफाय, इतरांचे फोन यांच्यामुळे आसपास पसरलेल्या क्षेत्राचा दुसरा. पहिल्या रस्त्याला मीटर लागत नाही. लागतो तो फोनचा एक आकडा, रेंजची नोंद आणि वेळेचा हिशेब. बहुतेक लोक दुसऱ्या रस्त्यानेच सुरुवात करतात. मी पहिल्याने करायला सांगेन, कारण डोक्याला मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा साधारणपणे तिथूनच येतो.

पायरी १: फोनचा एसएआर आकडा शोधा

एसएआर म्हणजे शरीराच्या एक किलो ऊतींमध्ये दर सेकंदाला मुरणारी ऊर्जा. तो वॅट प्रति किलोग्रॅममध्ये सांगतात. अनेक फोनांवर *#०७# असा नंबर डायल केला की हा आकडा दिसतो. नाही दिसला तर सेटिंग्जमधल्या कायदेशीर माहितीच्या भागात, खोक्यातल्या पुस्तिकेत किंवा उत्पादकाच्या संकेतस्थळावर मिळतो. डोक्याचा आणि धडाचा असे दोन आकडे असतात. दोन्ही लिहून घ्या, आणि धडाचा आकडा किती मिलिमीटर अंतरावर मोजलाय तेही टिपा.

हा आकडा प्रयोगशाळेत कसा निघतो ते कळले, तर तो वाचताना चूक होत नाही. मोठ्या माणसाच्या डोक्याच्या आकाराचा प्लॅस्टिकचा साचा असतो. त्यात पाणी, साखर, मीठ यांसारख्या पदार्थांपासून केलेला द्रव भरतात. त्याचे विद्युत गुणधर्म मेंदूच्या ऊतींशी जुळवलेले असतात. फोन आधी गालाला चिकटवून आणि मग १५ अंशांनी कलवून ठेवतात आणि पूर्ण ताकदीने प्रक्षेपण करायला लावतात. यंत्रमानवाच्या हाताला लावलेली बारीक सळई द्रवातून फिरत जागोजागचे विद्युत क्षेत्र टिपते. त्या क्षेत्राचा वर्ग गुणिले द्रवाची वाहकता, भागिले घनता, म्हणजे त्या जागेचा एसएआर. सगळ्या स्थितींमधला आणि सगळ्या बँडमधला (फोन वापरतो त्या लहरींच्या पट्ट्यांमधला) सर्वात मोठा आकडा छापला जातो.

आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने सामान्य लोकांसाठी डोके आणि धड यांची मर्यादा २ वॅट प्रति किलोग्रॅम सांगितली आहे. ती १० ग्रॅम ऊतींवर सरासरी काढून तपासतात. अमेरिका आणि भारतात मर्यादा १.६ आहे, पण ती १ ग्रॅमवर. सरासरीचा तुकडा लहान-मोठा असल्याने या दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून फोनांची तुलना करू नका.

अंतर किती महत्त्वाचे आहे, हे २०२३ साली फ्रान्समध्ये दिसले. तिथल्या एएनएफआर या नियामक संस्थेला आयफोन १२ चा हातापायांसाठीचा एसएआर ५.७४ भरला. तिथे मर्यादा ४ आहे. ही चाचणी फोन शरीराला टेकवून केली होती. त्याच फोनची ५ मिलिमीटर अंतरावरची धडाची चाचणी मात्र मर्यादेत होती. पुढे कंपनीने सॉफ्टवेअर अपडेट दिले.

आता महत्त्वाची गोष्ट: छापील एसएआर हा पूर्ण ताकदीचा आकडा आहे. ०.८ चा फोन १.२ च्या फोनपेक्षा रोजच्या वापरात कमी ऊर्जा देईलच असे नाही. ते ठरते पुढच्या पायरीत.

पायरी २: रेंज डीबीएममध्ये नोंदवा

फोन सतत पूर्ण ताकदीने ओरडत नाही. टॉवरपर्यंत आवाज पोहोचेल एवढाच तो लावतो. ४जी फोनची कमाल ताकद साधारण ०.२ वॅट असते. जुन्या जीएसएम (२जी) फोनची ९०० मेगाहर्ट्झवर २ वॅट, पण तो आठातल्या एकाच कालखंडात बोलत असल्याने सरासरी ०.२५ वॅट. रेंज चांगली असेल तर ३जी-४जी फोन या कमाल ताकदीच्या हजाराव्या हिश्श्याखालीही उतरू शकतो.

स्क्रीनवरच्या दांड्यांवर विसंबू नका. वेगवेगळे फोन त्या वेगवेगळ्या हिशेबाने दाखवतात. अँड्रॉइडमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सिमची स्थिती उघडली, तर सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे ताकद मोजायच्या एककात, दिसतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केले की चाचणीचा पडदा उघडतो. तिथे ४जीसाठी आरएसआरपी, म्हणजे येणाऱ्या सिग्नलची ताकद, हा आकडा बघा. आकडे उणे असतात: उणे ८०च्या आसपास म्हणजे उत्तम, उणे ११०च्या खाली म्हणजे कमकुवत. दर १० डीबीचा फरक म्हणजे दसपट, म्हणून उणे ८० आणि उणे ११० यांच्यात हजारपट अंतर आहे.

जिथे तुम्ही खरोखर बोलता त्या जागा निवडा: पलंग, कामाचे टेबल, जिना, तळघर, गाडी. वायफाय बंद करा. प्रत्येक जागी फोन नेहमीसारखा धरून मिनिटभर थांबा, चार-पाच आकडे लिहा आणि मधला घ्या. मुठीने अँटेना झाकली गेली तर आकडा बराच घसरतो, त्यामुळे पकड बदलू नका.

हा आकडा टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलचा आहे, फोनमधून बाहेर पडणाऱ्या लहरींचा नाही. तो केवळ निर्देशक आहे, आणि त्याची दिशा उलटी आहे: येणारा सिग्नल क्षीण, तर फोनचे प्रक्षेपण जोरदार. ‘रेंज नाही तर रेडिएशनही नाही’ हा समज म्हणूनच फसवा आहे.

पायरी ३: आठवड्याची वही ठेवा

तारीख, जागा, रेंज, २जी-४जी-५जी यांपैकी काय, किती मिनिटे, आणि फोन कुठे होता: उजवा कान, डावा कान, स्पीकर, इअरफोन, खिसा. मिनिटे आठवणीतून लिहू नका, कॉलच्या यादीतून घ्या. १३ देशांत झालेल्या इंटरफोन अभ्यासाच्या पडताळणीत असे आढळले, की लोक कॉलची संख्या थोडी कमी सांगतात आणि बोलण्याचा वेळ वाढवून सांगतात.

आता हिशेब. एसएआर गुणिले सेकंद केले, की दर किलो ऊतींमध्ये मुरलेली ऊर्जा ज्यूलमध्ये मिळते. समजा फोनचा एसएआर १.२ आहे. तळघरात, अगदी कमकुवत रेंजमध्ये १० मिनिटांचा कॉल फोनने पूर्ण ताकदीने केला असे धरू: १.२ गुणिले ६००, म्हणजे ७२० ज्यूल प्रति किलोग्रॅम. आता खिडकीपाशी, उत्तम रेंजमध्ये फोनने शंभरावा हिस्सा ताकद वापरली आणि तुम्ही तासभर बोललात असे समजा. उत्तर येते ४३. तासाभराचे बोलणे दहा मिनिटांच्या बोलण्याच्या सोळाव्या हिश्श्याइतके! हे आकडे अंदाजाचे आहेत, पण आपला जास्तीचा वाटा नेमका कुठून येतो, ते वहीची चार पाने भरली की स्पष्ट दिसते.

स्पीकरवरचे कॉल वेगळ्या रकान्यात ठेवा. फोन कानापासून वीस-तीस सेंटिमीटर दूर गेला, की डोक्यातला एसएआर छापील आकड्याचा किरकोळ अंश उरतो. इअरफोन लावून फोन खिशात ठेवला असेल, तर डोक्याचा वाटा घटला, पण मांडीचा वाढला. तो धडाच्या रकान्यात लिहा.

मुलांच्या बाबतीत हा हिशेब सैलसर समजा. चाचणीचा साचा मोठ्या माणसाचा आहे. मुलांची कवटी पातळ असल्याने मेंदूचे काही भाग फोनच्या अधिक जवळ येतात.

पायरी ४: आसपासचे क्षेत्र मोजा

इथे मीटर लागतोच. फोनमधली ‘ईएमएफ (विद्युतचुंबकीय क्षेत्र) डिटेक्टर’ ॲप चालत नाहीत. ती होकायंत्रासाठी बसवलेला चुंबकीय सेन्सर वापरतात. त्याला पृथ्वीचे २५ ते ६५ मायक्रोटेस्लाचे क्षेत्र कळते, लोखंडी कपाट कळते. सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलणारी रेडिओ लहर त्याच्या आवाक्याबाहेरची आहे.

मीटर तीन अक्षांवर मोजणारा हवा, नाहीतर तो कसा धरला यावर उत्तर बदलते. तो किमान ७०० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ एवढा पट्टा टिपणारा असावा, सरासरी आणि शिखर दोन्ही दाखवणारा असावा, आणि त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाणित मापाशी केलेली जुळवणी, जुने झालेले नसावे. सगळ्या लहरींची एकत्र बेरीज सांगणाऱ्याला ब्रॉडबँड मीटर म्हणतात. कोणत्या बँडमधून किती, हे वेगळे करून सांगणारे निवडक मीटर संशोधक आणि नियामक वापरतात. दिवसभर अंगावर बाळगायचे एक्स्पोझिमीटरही असतात. मात्र शरीराची सावली पडल्याने ते कमी-जास्त दाखवतात.

मोजण्याआधी घरातले सगळे फोन फ्लाइट मोडवर टाका. वायफाय राउटर चालू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा मोजा. मीटर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या स्टँडवर, भिंत आणि धातूच्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि स्वतः बाजूला व्हा. एकाच जागी १.१, १.५ आणि १.७ मीटर उंचीवर प्रत्येकी सहा मिनिटांची सरासरी घ्या. तिन्ही आकड्यांची थेट सरासरी काढू नका. आधी प्रत्येकाचा वर्ग करा, वर्गांची सरासरी काढा, मग वर्गमूळ घ्या. हेच सकाळी, संध्याकाळी आणि रात्री उशिरा करा, कारण वापर वाढला की टॉवरचे प्रक्षेपणही वाढते.

५जीला आणखी एक काम करावे लागते. त्याचा झोत ज्या फोनला डेटा हवा त्याच्या रोखाने वळतो, त्यामुळे कोणी वापरत नसताना आकडा फसवा कमी येतो. मीटरपासून काही मीटरवर दुसरा फोन ठेवून मोठी फाइल उतरवायला लावा आणि दोन्ही स्थिती नोंदवा. २४ गिगाहर्ट्झच्या वरच्या बँडसाठी साधे मीटर निरुपयोगी आहेत. तिथली ऊर्जा त्वचेच्या वरच्या थरातच मुरते, आणि ६ गिगाहर्ट्झच्या पुढे शरीराच्या छोट्या भागासाठीची मर्यादाही एसएआरमध्ये नसून दर चौरस मीटरला शोषलेल्या वॅटमध्ये असते.

टॉवरच्या अगदी पायथ्याशी आकडा मोठा येईल अशी अपेक्षा असेल, तर तो बहुधा लहान येईल. मुख्य झोत क्षितिजाकडे, किंचित खाली झुकलेला असतो. तो जमिनीला काही अंतरावर जाऊन टेकतो. समोरच्या इमारतीतला झोताच्या उंचीवरचा मजला म्हणूनच आधी मोजावा.

पायरी ५: मर्यादेशी ताडून पाहा

आयसीएनआयआरपीच्या संदर्भ पातळ्या, म्हणजे आसपासच्या क्षेत्रासाठीच्या मर्यादा, सामान्य लोकांसाठी ९०० मेगाहर्ट्झला सुमारे ४१ व्होल्ट प्रति मीटर, म्हणजे ४.५ वॅट प्रति चौरस मीटर, आणि १८०० ला ५८ व्होल्ट, म्हणजे ९ वॅट आहेत. २ गिगाहर्ट्झच्या पुढे १० वॅट. काही देशांनी याहून कडक मर्यादा ठेवल्या आहेत. तुमच्या जागी कोणती लागू आहे ते पाहा. ब्रॉडबँड मीटरला लहर कोणत्या बँडची हे कळत नाही, म्हणून त्याचा आकडा पट्ट्यातल्या सर्वात कडक पातळीशी ताडा. ७०० मेगाहर्ट्झला ती सुमारे ३६ व्होल्ट येते.

व्होल्टचे वॅट करायला व्होल्ट प्रति मीटरचा वर्ग करून ३७७ने भागा. टक्केवारी इथेच चुकते. ४.१ व्होल्ट हे ४१ चे दहा टक्के दिसतात, पण ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो मर्यादेचा एकच टक्का आहे.

घरात ०.५ व्होल्ट प्रति मीटर आला असे समजा. म्हणजे ०.०००६६ वॅट प्रति चौरस मीटर. ९०० मेगाहर्ट्झची संदर्भ पातळी संपूर्ण शरीराच्या ०.०८ वॅट प्रति किलोग्रॅम या मर्यादेशी जोडलेली आहे. त्या प्रमाणात दिवसाच्या चोवीस तासांत मुरणारी ऊर्जा येते सुमारे १ ज्यूल प्रति किलोग्रॅम. तळघरातल्या कॉलचे ७२० हे डोक्यातल्या छोट्या भागाचे आहेत आणि हा १ अख्ख्या शरीराचा, म्हणून दोन्ही एकास एक ताडता येत नाहीत. तरीही टॉवरच्या काळजीत झोप उडालेल्या माणसाने उशाशी फोन लावून तासन्‌तास बोलत राहू नये, एवढे यातून नक्की निघते.

या मर्यादा ऊती तापण्यावर बेतलेल्या आहेत. प्राण्यांच्या वागण्यात बदल दिसला तो संपूर्ण शरीराच्या ४ वॅट प्रति किलोग्रॅमच्या आसपास. त्याला ५०ने भागून सामान्यांसाठी ०.०८ ठरले. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या जागतिक संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २बी गटात घातले. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

पायरी ६: एकेक गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा

कॉलची जागा बदला, किंवा स्पीकर वापरा, किंवा राउटर पलंगापासून दूर न्या. पण एका आठवड्यात एकच बदल करा. घरगुती मीटरमध्ये ३ डीबीची चूक सहज असू शकते. खरा आकडा दाखवलेल्याच्या निम्मा किंवा दुप्पट असू शकतो. त्यामुळे वॅटमधल्या दोन आकड्यांत दुपटीपेक्षा कमी फरक असेल, तर काही बदलले असे समजू नका. आकडा लागू मर्यादेच्या निम्म्यापर्यंत गेला, तर नोंदवही, जागेचा नकाशा आणि मीटरचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र घेऊन दूरसंचार नियामकाकडे निवडक मीटरने मोजणी करण्याचा अर्ज करा.