जुन्या मॉडिफाइड होंडा सिटीचं आयडलिंग खेळतंय? स्लोच्या स्क्रूला हात लावण्याआधी या चुका टाळा

कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर), हेडर (इंजिनला जोडलेले एक्झॉस्टचे पाईप), फ्री-फ्लो (कमी अडथळ्याचा) सायलेन्सर. पहिल्या पिढीच्या होंडा सिटीला (भारतात १९९८ ते २००३) हे तिन्ही बसवलेलं असलं, की एक तक्रार हमखास येते: सिग्नलला उभं असताना आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू राहणं) खेळतं, म्हणजे आरपीएमची सुई १००० ते १८०० मध्ये झोके घेते. मग कोणीतरी थ्रॉटल बॉडीवरचा (पेडलप्रमाणे इंजिनात हवा सोडणारा भाग) स्लोचा, म्हणजे आयडल ठरवणारा, स्क्रू पिळतो, आणि मूळ बिघाडावर दुसरा बिघाड चढतो.

आधी सुईची चाल बघा. हे इंजिन आत येणारी हवा थेट मोजत नाही. मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाईपांमधला) दाब सांगतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल ठरवतो. कुठून तरी जादा हवा शिरली की दाब वाढतो, पेट्रोलही वाढतं, आरपीएम चढतो. पाय पेडलवर नसताना आरपीएम एका हद्दीपलीकडे गेला, की ईसीयू पेट्रोल तोडतो, कारण त्याच्या हिशेबी गाडी उतारावर मोकळी सुटलेली असते. सुई पडते, पेट्रोल सुरू होतं, सुई पुन्हा चढते. म्हणून लयीत झोके म्हणजे बहुतेकदा जादा हवा. ६००-७०० वर बेताल थरथर असेल तर मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) शोधा: प्लग, वायर, टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट). फक्त एसी किंवा हेडलाइट लावल्यावर आरपीएम पडत असेल, तर आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (आयडलिंगची हवा ईसीयूच्या हुकमाने कमी-जास्त करणारा) मळलाय का आणि बॅटरी ते इंजिन अर्थिंग सैल आहे का, हे आधी बघा.

हवा कुठून येतेय, हे बोटाने कळतं. इंजिन गरम करा, इनटेक पाईप काढा (मॅप सेन्सरवर चालणारी गाडी पाईपशिवायही चालू राहते) आणि बटरफ्लायच्या (थ्रॉटल बॉडीतल्या झडपेच्या) अलीकडचं, सूं-सूं आवाज करणारं भोक बोटाने बंद करा. झोके थांबले किंवा इंजिन बंद पडू लागलं, तर हवा आयडल व्हॉल्व्हच्या वाटेने येतेय. फरक पडलाच नाही, तर गळती पुढे आहे: मॅनिफोल्ड गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाईप, इंजेक्टरच्या सील. त्यासाठी जाड पाईप एकेक करून पक्कडीत फडकं घेऊन दाबा. तापलेल्या हेडरजवळ कार्ब क्लीनर मारत सुटू नका, भडका उडतो.

कॅच कॅन (इंजिनातल्या वाफेबरोबर येणारं ऑइल अडवणारा डबा) बसवताना सर्वात महागात पडणारी चूक होते. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ मॅनिफोल्डकडे मोजून सोडणारा) काढून टाकतात आणि मॅनिफोल्डकडे जाणारा पाईप नुसता कॅनला जोडतात. कॅनवर उघडा ब्रीदर (बाहेरच्या हवेत उघडणारा छोटा फिल्टर) असेल तर हे सरळ मॅनिफोल्डला पाडलेलं भोक झालं. व्हॉल्व्ह जागेवर ठेवा आणि कॅन बंद प्रकारचा घ्या. कोन फिल्टरवर मात्र उगाच आळ येतो. या गाडीत तो एकटा आयडलिंग बिघडवत नाही.

दुसरा लपलेला गुन्हेगार कूलंट. ज्या थ्रॉटल बॉडीवर मेणाचा फास्ट आयडल व्हॉल्व्ह (गार इंजिनाला जादा हवा देणारा) आहे, तिथे गरम कूलंट पोहोचलं तरच तो बंद होतो. रेडिएटर किंवा होज बदलल्यावर हवा अडकली, की इंजिन तापूनही व्हॉल्व्ह उघडाच राहतो. गार इंजिनवर कूलंट भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीड बोल्टमधून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. फक्त एवढ्यानेच बऱ्याच गाड्या शांत होतात.

हेडरचं गॅस्केट गळत असेल, तर ऑक्सिजन सेन्सरला बाहेरची हवा लागते, तो मिश्रण पातळ असल्याचं सांगतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. सेन्सर हेडरमध्ये फार मागे सरकवला असेल, तर आयडलिंगवर तो गार पडतो. आतला हीटर असलेला चार वायरचा सेन्सर आणि त्याला जुळेल अशी वायरिंग लागते.

मल्टिमीटरने दोन आकडे तपासा. पेडल सोडलेलं असताना थ्रॉटल सेन्सर सुमारे ०.५ व्होल्ट दाखवायला हवा. मोठी थ्रॉटल बॉडी लावताना हाच हुकतो. कूलंट सेन्सरचा रोध २० अंशांना दोन-तीन किलोओहम, ८० अंशांना दोनशे ते चारशे ओहम. सीएनजीवर चालवलेल्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातात आणि टॅपेट आवळतात, त्यामुळे गार इंजिनवर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावाच: इनटेक ०.१८ ते ०.२२ मिमी, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७.

हे सगळं नीट असेल तरच स्क्रू. पंखा दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन तापवा, एसी-दिवे बंद, आयडल व्हॉल्व्हचा कनेक्टर काढा आणि पेडल किंचित दाबून धरत गाडी सावरा. मग पेडल हळूहळू सोडा आणि स्क्रूने मूळ आयडल साधारण ४५० वर आणा. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून. कनेक्टर परत लावा, बॅकअप फ्यूज दहा सेकंद काढून ईसीयूची जुनी आठवण पुसा आणि पाय न लावता काही मिनिटं इंजिन चालू द्या. सुई साधारण ७५०च्या आसपास थांबायला हवी.