जुन्या गाडीला दुसरं इंजिन घ्यायचंय? आधी ही तयारी करा

इंजिनाचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. बहुतेक जण उलट करतात: कुणीतरी 'अमुक इंजिन एकदम फिट बसतं' म्हणतं, स्वस्तात मिळतं म्हणून ते टेम्पोत घालून आणतात, आणि मग गाडी वर्षभर बॉनेट उघडं ठेवून गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहते. म्हणून पहिलं काम कागद-पेनाचं. गाडी वापरणार कशी, ते लिहून काढा. रविवारी सकाळी पुण्याच्या पेठेतून खडकवासल्यापर्यंत चक्कर मारायची असेल तर मूळ ताकदीची गाडी भरपूर झाली. चार माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी, पसरणी चढून महाबळेश्वरला जायचं असेल तर प्रश्न वेगळा. आणि रोज कोथरूडहून हिंजवडी करायचं असेल, तर ताकदीच्या आधी रेडिएटर, क्लच आणि ब्रेकचा विचार करावा लागेल.

त्याच कागदावर गाडीचं उत्पादन वर्ष लिहा. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. तुमची गाडी, समजा प्रीमियर पद्मिनी, सत्तरच्या दशकातली असेल, तर परकं इंजिन बसवून तुम्ही तो दरवाजा बंद करताय, हे माहीत असू द्या. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, म्हणून ती सगळ्यांसाठी नाहीच. पण निवड समजून केलेली बरी.

आता गाडीचं स्वतःचं इंजिन. ते खरंच संपलंय का? धूर येतो, तेल खातं, चढाला दम लागतो, एवढ्यावर इंजिन बाद करू नका. मिस्त्रीला हेड आणि चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उघडायला सांगा आणि मशीन शॉपकडून मापं लेखी घ्या: प्रत्येक बोअर (सिलिंडरचं भोक) किती झिजलाय, क्रँकची जर्नल्स (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) किती अंडरसाइझ झालीत, ब्लॉकला तडा आहे का. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचं, पुशरॉडवालं, साधं. बोअर वाढवायला जागा उरली नसेल तरी स्लीव्ह (आतून नवी नळी) टाकून मूळ मापाला आणता येतं. ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसीच्या इंजिनाचंही तेच. भोसरीत असं काम जाणणारी मशीन शॉप्स आहेत. फक्त नव्या गाड्यांचं काम बघून दुकान निवडू नका, जुन्या ब्लॉकवर हात बसलेला माणूस शोधा. माझं स्पष्ट मत असं की, मूळ इंजिन नीट बांधून घेण्याचा लेखी खर्च हातात आल्याशिवाय दुसऱ्या इंजिनाचा भाव विचारूच नये.

हेड उघडलंच आहे, तर व्हॉल्व्ह सीट टणक धातूच्या बसवून घ्या. जुन्या पेट्रोलमधलं शिसं सीट झिजण्यापासून वाचवायचं, आणि २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम खराब करतं. म्हणजे इंजिन कुठलंही निवडा, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळ्या बदलणं यादीत आलंच.

मूळ इंजिन खरोखर वाचण्यासारखं नसेल तर पुढची पायरी त्याच जातीच्या दुसऱ्या इंजिनाची. मुंबईत पद्मिनी टॅक्सीचं आयुष्य ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलं. त्या काळ्या-पिवळ्या गाड्यांवर हयात घालवलेले मिस्त्री आणि सुटे भाग विकणारे जुने दुकानदार भेटले तर त्यांना सोडू नका. आपल्याकडे नाना पेठेत विचारा, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात डोळे उघडे ठेवून फिरा, पण तिथून अख्खं इंजिन न घेता सुटे भाग शोधलेले बरे.

त्यानंतर येतात नात्यातली इंजिनं. ॲम्बेसेडरवाल्यांचं नशीब चांगलं: कंपनीनेच नव्वदच्या दशकात १.८ लिटरचं इसुझु इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससह त्याच बॉडीत दिलं. कुठलं फाउंडेशन (इंजिन टेकतं ते आधार), मागच्या चाकांकडे जाणारी कुठली शाफ्ट, याचं उत्तर आधीच रस्त्यावर धावलेलं आहे. इंजिन, गिअरबॉक्स, फाउंडेशन आणि शाफ्ट एकाच गाडीतून मिळाले तरच घ्या. पद्मिनीला प्रीमियरच्याच ११८एनई गाडीचं ११७१ सीसीचं निसान इंजिन जवळचं. तेही उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरवतं. पण ११८एनईचा गिअर खाली, पद्मिनीच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्यावर. निसानचा गिअरबॉक्सही घेतलात तर फ्लोअर कापावा लागेल आणि पुढची सलग सीट जाईल. मला स्वतःला ती सीट आणि तो गिअर म्हणजेच पद्मिनी वाटते, त्यामुळे हा सौदा मी करणार नाही.

परक्या इंजिनाकडे जायचंच असेल तर आधी मेजरिंग टेप काढा. मारुती ८०० किंवा झेनचं इंजिन आडवं, पुढची चाकं फिरवणारं. ते स्वस्त आहे म्हणून पद्मिनीत बसत नाही. जिप्सी किंवा ईकोसारख्या, उभं इंजिन आणि मागे शाफ्ट असलेल्या गाड्यांकडेच बघा. मग चेंबरचा खोल भाग पुढे आहे की मागे, तो क्रॉस मेंबरवर (पुढच्या आडव्या दांड्यावर) आपटतो का ते पाहा. एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या बाजूला येतो का, बॉनेट बंद होतं का, फॅन आणि रेडिएटरमध्ये बोटं घालण्याइतकी तरी जागा राहते का. क्लच प्लेटचे दाते कुठल्या गिअरबॉक्सचे? बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं तोंड) जुळत नसेल तर मध्ये ॲडॉप्टर प्लेट लागेल, आणि ती क्रँकच्या केंद्राशी तंतोतंत जुळली नाही तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग खाईल. शाफ्टची लांबी बदलली की ती कापून, वेल्ड करून बॅलन्स करून घ्या. बॅलन्सिंग टाळलं तर गाडी साठच्या पुढे थरथरते. ईकोसारखं इंजेक्शनचं इंजिन असेल तर ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, सेन्सर आणि टाकीतला पंप सौद्यातच मागा. नंतर सुटं जमवणं महागात पडतं.

डिझेलबद्दल सावध राहा. वजन पुढच्या सस्पेन्शनवर येतं, आणि कमी आरपीएमच्या इंजिनाला जुन्या डिफरन्शियलचं प्रमाण सोसत नाही. गाडी ओढते छान, पण महामार्गावर इंजिन किंचाळतं. ताकद कुठलीही वाढवा, चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी थांबणार कशी, हा प्रश्न इंजिनाच्या बजेटमध्येच धरा. कात्रज उतरताना त्याचं उत्तर लागतं.

इंजिन घेताना ते चालू करून दाखवा म्हणा. आधीपासून गरम करून ठेवलं असेल तर थंड होऊ द्या. चारही सिलिंडरचं कंप्रेशन मोजा. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर तेल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर, नाही वाढला तर बहुतेक व्हॉल्व्ह. डिपस्टिकवर दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेलं तेल दिसलं की तिथून निघा.

कागदांचं काम पैसे देण्याआधीचं. ब्लॉकवरचा नंबर स्वतः वाचा; घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर कितीही चांगलं इंजिन सोडा. विक्रेत्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं बिल घ्या, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत मागा, आणि चोरीच्या वाहनांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोच्या वाहन समन्वय सेवेवर तपासा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल रोखतं. त्याच प्रकारचं इंजिन असेल तर आरसीवर नवा नंबर चढवायचा असतो. क्षमता किंवा इंधन बदललं की मामला अवघड होतो. एजंटच्या 'होऊन जाईल साहेब' यावर विसंबू नका, संगम पुलाजवळच्या आरटीओत किंवा तुमची गाडी एमएच-१४ असेल तर पिंपरी-चिंचवडला लेखी अर्ज करून आधी विचारा. विमा कंपनीलाही कळवा. आरसी आणि पॉलिसीवरचा इंजिन नंबर जुळला नाही तर दावा अडकतो.

हे सगळं जमलं की जुनं इंजिन उतरवायची तारीख ठरवा. त्याआधी प्रत्येक वायर, नळी आणि लिंकेजचे फोटो काढा, बोल्ट डब्यांत नावं घालून ठेवा. उतरवलेलं इंजिन भंगारात देऊ नका: पाणी पूर्ण काढा, प्लगच्या भोकांतून थोडं तेल घालून क्रँक हाताने फिरवा, सगळी भोकं बंद करा, आणि कोरड्या जागी लाकडी फळीवर ठेवून त्याचा नंबर मूळ आरसीच्या प्रतीसोबत फाइलला लावा.