नोकरी सांभाळून पीएचडी: कोर्सवर्क संपल्यावर काय करायचं

प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क हे सगळं पार पडतं. एनओसी, म्हणजे नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र, मात्र सही घेण्याआधी वाचा. नुसतं ‘आमची हरकत नाही’ पुरत नाही. संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं करू, हे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीप्रमाणे त्यात लिहिलेलं हवं.

विषय लहान घ्या. माझ्या पहिल्या शीर्षकात ‘पश्चिम महाराष्ट्रातील पाणीवापर संस्था’ असं होतं. गाईडनी ते एका कालव्याच्या एका वितरिकेवर, म्हणजे एका फाट्यावर, आणून ठेवलं, तेव्हा मला राग आला होता. तेही सहा वर्षं पुरलं.

माणसं गळतात ती कोर्सवर्क संपल्यावर. परीक्षा नाही, वर्ग नाही, कुणी विचारत नाही. आणि सल्ला मिळतो, ‘आधी वाचन पूर्ण करा, मग लिहायला बसा.’ हा सल्ला देणाऱ्याने बहुधा पगारी रजेवर पीएचडी केलेली असते. वाचन पूर्ण होत नसतं.

मीही तेच केलं, वर ‘दिवाळीच्या सुट्टीत एकदम बसू’ असं ठरवलं. सुट्टी लागली, बाड उघडलं आणि चार महिन्यांपूर्वीच्या माझ्याच नोंदी मला कळेनात. हा उतारा का उतरवला होता? हा आकडा कुठल्या संस्थेचा? ते आठवण्यातच तीन दिवस गेले, चौथ्या दिवशी पाहुणे आले. अशा दोन दिवाळ्या घालवल्या.

म्हणून आता माझ्याकडे येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगते: रोज पाऊण तास, कामावर जायच्या आधी. रात्री नाही. रात्री फक्त फाइलींची नावं बदलली जातात. काम थांबवून उठताना वहीत एक ओळ लिहायची, उद्या नेमकं काय करायचं त्याची. ‘प्रकरण तीन’ असं नाही. ‘संस्थेच्या सचिवांनी पाणीपट्टीच्या थकबाकीबद्दल जे सांगितलं ते दोन परिच्छेदांत’ असं. दुसऱ्या दिवशी विचार करायला वेळ नसतो, ती ओळच कामाला लावते. परीक्षेच्या ड्युटीत, लग्नसराईत पाऊण तास निघाला नाही तर दहा मिनिटं बसा, पण वही उघडा. आठवडाभर बंद राहिली की धागा तुटलाच म्हणून समजा.

दुसरं, मुलाखत घेतली की दोन दिवसांत उतरवून काढा. रेकॉर्डिंग साठवणं म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि तीच फसगत आहे. माझ्याकडे एकोणीस मुलाखती पडून होत्या. एका पाटकऱ्याने, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणाऱ्या माणसाने, हाताने दाखवलेलं माप रेकॉर्डिंगमध्ये फक्त ‘एवढं’ असं ऐकू येत होतं.

मुदत प्रवेशापासून सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिलांना त्यावर आणखी दोन मिळू शकतात. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे, ती मागायला लाजू नका. प्लॅगरिझमची, म्हणजे दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळणाऱ्या मजकुराची, मर्यादा १० टक्के. संदर्भ त्याच दिवशी नोंदवलेत तर चिंता नाही.

गाईड उत्तर देत नसतील तर अख्खं प्रकरण पाठवणं बंद करा. दोन पानं आणि एकच प्रश्न पाठवा, उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येईल असा. मला आलेल्या मेलमध्येही मी आधी अशाच छोट्या मेल उघडते.